पेरॉक्साइडचे विघटन: उत्प्रेरकाने काय बदलते, विकराने काय बदलते

विचारलेला प्रश्न असा आहे. बारावीच्या विद्यार्थ्यांकडून प्रकल्प करून घेणाऱ्या एका शिक्षिकांनी औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या 6 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये तेवढेच पाणी मिसळून 3 टक्क्यांचे द्रावण तयार केले. त्याचे 10 मिलिलिटरचे भाग घेऊन एकात चिमूटभर, म्हणजे 0.1 ग्रॅम मँगनीज डायऑक्साइड, दुसऱ्यात पोटॅशियम आयोडाइड आणि तिसऱ्यात कच्च्या बटाट्याचा गाळलेला रस घातला, आणि निघणारा वायू पाण्यावर उपड्या मोजपात्रात गोळा केला. मँगनीज डायऑक्साइडने आणि आयोडाइडने शेवटी सुमारे 105 मिलिलिटर वायू दिला. बटाट्याच्या रसाची सुरुवात सर्वांत जोरदार झाली, पण 60 मिलिलिटरच्या आसपास बुडबुडे थांबले. पाणी 60 अंशांपर्यंत तापवल्यावर आयोडाइडचा वेग वाढला आणि बटाट्याचा रस जवळजवळ निष्क्रिय झाला. लिंबाचा रस घातल्यावर बटाटा मंदावला, आयोडाइडचे द्रावण तपकिरी झाले आणि मँगनीज डायऑक्साइडने मात्र आधीपेक्षा जास्त वायू दिला. उत्प्रेरक, म्हणजे स्वतः खर्च न होता अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, उत्पादिताचे प्रमाण बदलत नाही असे पुस्तक सांगते, मग हे आकडे वेगवेगळे का आले, आणि विकर (एन्झाइम, म्हणजे बटाट्याच्या रसात असतो तसा सजीवांतला प्रथिनरूप उत्प्रेरक) हा अधिक श्रेष्ठ उत्प्रेरक आहे असे विद्यार्थ्यांना सांगावे काय, अशी त्यांची विचारणा आहे.

माझे काम कापसाच्या कापडावरील ओल्या प्रक्रियेच्या प्रयोगशाळेतले आहे. तिथे याच पदार्थाला दिवसाच्या एका टप्प्यावर विघटित होऊ द्यायचे नसते आणि पुढच्याच टप्प्यावर त्याचा शेवटचा अंशही शिल्लक ठेवायचा नसतो. त्यामुळे या प्रश्नाकडे मी थोड्या वेगळ्या बाजूने पाहतो. माझे म्हणणे आधीच सांगतो: पुस्तकातले विधान बरोबर आहे, तुमचे आकडेही बरोबर असावेत, आणि दोहोंतला विरोध मिटतो तो वेगाकडे पाहून नव्हे, तर पेरॉक्साइड कोणत्या वाटेने विघटित होते आणि त्या वाटेवर खुद्द उत्प्रेरकाचे काय होते हे पाहून.

प्रथम अपेक्षित आकडा काढू. 3 टक्के द्रावणात लिटरमागे 30 ग्रॅम, म्हणजे सुमारे 0.88 मोल (मोल हे रेणूंची संख्या मोजण्याचे एकक) हायड्रोजन पेरॉक्साइड असते. त्याच्या दोन रेणूंपासून पाण्याचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू मिळतो, त्यामुळे 10 मिलिलिटर द्रावणातील 8.8 मिलिमोलपासून 4.4 मिलिमोल ऑक्सिजन निघाला पाहिजे. 25 अंश तापमानाला त्याचे आकारमान सुमारे 108 मिलिलिटर भरते. बाटलीवर लिहिलेल्या ‘20 व्हॉल्यूम’चा अर्थही हाच आहे: 6 टक्क्यांचे एक माप द्रावण पूर्ण विघटित झाले की प्रमाण परिस्थितीत वीस मापे ऑक्सिजन देते. उघडून ठेवलेल्या बाटलीतील द्रावण थोडे उतरलेले असते, हे धरता तुमचे 105 मिलिलिटर उत्तम जुळतात. म्हणजे मँगनीज डायऑक्साइडच्या आणि आयोडाइडच्या प्रयोगांत पेरॉक्साइड संपले होते, आणि बटाट्याच्या प्रयोगात ते संपले नव्हते. तिथे 40 टक्क्यांहून अधिक पेरॉक्साइड तसेच शिल्लक असताना बुडबुडे थांबले. कारण पुढे येईल.

हायड्रोजन पेरॉक्साइड हे ऊर्जेच्या दृष्टीने अस्थिर संयुग आहे. विघटनात प्रत्येक मोलमागे सुमारे 95 किलोज्यूल उष्णता बाहेर पडते आणि अभिक्रिया जवळजवळ पूर्णपणे एकाच दिशेने जाते. तरीही बंद बाटलीत ते महिनोन्महिने टिकते, कारण त्यातील दोन ऑक्सिजन अणूंमधला बंध तुटण्याच्या स्थितीपर्यंत रेणू पोहोचण्यासाठी लागणारी सक्रियण ऊर्जा मोठी आहे. पुस्तकांत ती मोलमागे सुमारे 75 किलोज्यूल दिलेली असते. आयोडाइड आयनांच्या सान्निध्यात ती सुमारे 57 वर, प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर सुमारे 49 वर उतरते आणि बटाट्याच्या रसातल्या कॅटलेज या विकराच्या बाबतीत त्याहून पुष्कळ खाली जाते. कॅटलेजसाठी निरनिराळ्या पुस्तकांत 8 ते 23 असे वेगवेगळे आकडे आढळतात, तेव्हा त्यापैकी एकच खरा मानून विद्यार्थ्यांनी पाठ करू नये. हे फरक दिसायला लहान आहेत, पण वेगाशी त्यांचा संबंध घातांकी आहे. इतर सर्व घटक समान धरले तर 25 अंशांना सक्रियण ऊर्जा 18 किलोज्यूलने घटली की वेग सुमारे चौदाशे पट होतो आणि 26 किलोज्यूलने घटली की तो छत्तीस हजार पटींच्या घरात जातो.

ही ऊर्जा ‘कमी होते’ असे आपण सहज बोलतो, पण जुन्या वाटेची ऊर्जा कमी झालेली नसते. उत्प्रेरक दुसरी वाट उपलब्ध करून देतो, आणि ती वाट प्रत्येक उत्प्रेरकाची वेगळी असते.

आयोडाइडची वाट सर्वांत सोपी आहे, म्हणून आधी तीच घेतो. पेरॉक्साइडचा एक रेणू आयोडाइड आयनाचे ऑक्सिडीकरण करून, म्हणजे त्याचे इलेक्ट्रॉन काढून घेऊन, हायपोआयोडाइट आयन बनवतो आणि स्वतः पाणी होतो. मग दुसरा रेणू त्या हायपोआयोडाइटचे क्षपण करून, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देऊन, पुन्हा आयोडाइड देतो आणि त्यातून ऑक्सिजन सुटतो. पहिली पायरी संथ असल्यामुळे एकूण वेग पेरॉक्साइडच्या आणि आयोडाइडच्या संहतींच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. आयोडाइड दुप्पट करा, वेग दुप्पट होतो. हे विद्यार्थ्यांना आलेखावर स्वच्छ सरळ रेषेत दाखवता येते, आणि गतिशास्त्र शिकवण्यासाठी मला याहून चांगला प्रयोग माहीत नाही.

याच्या मागे एक व्यापक नियम आहे आणि तो शाळा-महाविद्यालयांत फारसा सांगितला जात नाही. पेरॉक्साइड हे ऑक्सिडकही आहे आणि क्षपणकही. आम्लधर्मी माध्यमात ऑक्सिडक म्हणून त्याचे प्रमाण विभव (इलेक्ट्रॉन ओढून घेण्याची ताकद दाखवणारा आकडा) सुमारे 1.76 व्होल्ट आहे, तर ते क्षपणक म्हणून काम करते तेव्हा तयार होणारी ऑक्सिजन-पेरॉक्साइड जोडी 0.70 व्होल्टवर आहे. ज्या पदार्थाच्या दोन ऑक्सिडीकरण-अवस्थांमधले विभव या दोन आकड्यांच्या मध्ये पडते, त्याचे पेरॉक्साइड ऑक्सिडीकरणही करू शकते आणि क्षपणही. असा पदार्थ एका अवस्थेतून दुसरीत आणि पुन्हा पहिलीत असा फिरत राहतो आणि प्रत्येक फेरीत पेरॉक्साइडचे दोन रेणू खर्ची पडतात. लोहाची फेरिक-फेरस जोडी 0.77 व्होल्टवर आहे, हायपोआयोडस आम्ल आणि आयोडाइड यांची जोडी सुमारे 0.99 वर आणि मँगनीज डायऑक्साइड-मँगनस जोडी 1.23 वर. प्रश्नातली मंडळी सगळी या पट्ट्यात बसतात. पट्ट्यात बसणे म्हणजे उत्प्रेरक असणे नव्हे, कारण पायऱ्यांचा वेगही साथ देणारा असावा लागतो. पण कोणावर संशय घ्यायचा हे त्यावरून कळते, आणि गंज, तांबे, धूळ यांच्या सूक्ष्म अंशानेही पेरॉक्साइडचा साठा का बिघडतो याचे उत्तर मिळते.

मँगनीज डायऑक्साइड विरघळत नाही. अभिक्रिया त्याच्या पृष्ठभागावर होते, म्हणून त्याचे वजन जितके महत्त्वाचे, त्याहून भुकटीचा बारीकपणा अधिक महत्त्वाचा. एकाच बाटलीतील भुकटी एका गटाने खलात घोटली आणि दुसऱ्याने नाही, तर दोघांचे वेग जुळणार नाहीत. उदासीन द्रावणात ती भुकटी गाळून, धुऊन आणि वाळवून पुन्हा वापरता येते.

लिंबाच्या रसाने हे चित्र बदलते. आम्ल असताना पेरॉक्साइड मँगनीज डायऑक्साइडचे क्षपण करून त्याला विरघळणाऱ्या मँगनस आयनांत नेते आणि आम्लामुळे ते आयन परत डायऑक्साइडमध्ये येत नाहीत. म्हणजे फेरी अर्धीच राहते आणि मँगनीज डायऑक्साइड उत्प्रेरक न राहता अभिकारक होते. या अभिक्रियेत पेरॉक्साइडच्या एका रेणूपासून ऑक्सिजनचा एक पूर्ण रेणू मिळतो, तर साध्या विघटनात एका रेणूमागे अर्धाच मिळतो. तुमची 0.1 ग्रॅम भुकटी म्हणजे सुमारे 1.15 मिलिमोल. ती सगळी या मार्गाने विरघळली तर अपेक्षेपेक्षा सुमारे 14 मिलिलिटर ऑक्सिजन जास्त निघेल. तुम्हाला मिळालेला ज्यादा वायू हाच असणार. त्यात सायट्रिक आम्लाच्या ऑक्सिडीकरणातून आलेल्या कार्बन डायऑक्साइडचीही थोडी भर पडलेली असू शकते. पडताळा सोपा आहे: पात्राच्या तळाशी काळी भुकटी किती उरली ते पाहा. उत्प्रेरकाने उत्पादित वाढवले नाही, उत्प्रेरक म्हणून घातलेला पदार्थच अभिक्रियेत खर्च झाला. आयोडाइडचा तपकिरी रंगही याच जातीचा आहे. आम्लात पेरॉक्साइड आयोडाइडचे आयोडीन करते, आणि जे आयोडाइड आयोडीन होऊन बसले ते फेरीतून बाहेर पडले.

आता विकर. बटाट्याच्या रसात, यकृतात, यीस्टमध्ये, आपल्या रक्तात जे काम करते ते कॅटलेज. लुई जाक थेनार यांनी 1818 मध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड प्रथम तयार केले, आणि धातूंच्या भुकटीने तसेच प्राण्यांच्या ऊतींनीही त्यातून वायू सुटतो हे त्यांच्याच लक्षात आले होते. बर्झेलियस यांनी 1835 मध्ये उत्प्रेरणाची कल्पना मांडली तेव्हा त्यांच्यासमोर असलेल्या उदाहरणांत हेही होते. विकराला कॅटलेज हे नाव ऑस्कर लोव यांनी 1901 मध्ये दिले आणि जेम्स समनर यांनी अलेक्झांडर डाउन्स यांच्यासह 1937 मध्ये ते स्फटिकरूपात मिळवले. निर्जीव भुकटी आणि सजीव ऊती एकच काम करतात, हे कोडे म्हणजे उत्प्रेरणाच्या इतिहासाची सुरुवातच आहे.

बहुतेक सजीवांतले नेहमीचे कॅटलेज म्हणजे चार प्रथिन-साखळ्यांचा गट. प्रत्येक साखळीत एक हेम, म्हणजे लोह धरून ठेवणारा वलयाकार रेणू, असतो आणि हेमच्या मध्यभागी लोहाचा एक अणू. म्हणजे मुळात इथेही लोहच आहे. फेरिक आयन पाण्यात मोकळे असताना पेरॉक्साइडचे विघटन करतातच, पण अगदी मंदपणे. तेच लोह हेममध्ये बसवले की वेग सुमारे हजार पटींनी वाढतो, आणि हेम प्रथिनाच्या आत योग्य जागी बसले की पुन्हा लक्षावधी पटींनी. कॅटलेजचा एक रेणू अनुकूल स्थितीत एका सेकंदात पेरॉक्साइडचे लक्षावधी रेणू हाताळतो. ज्ञात विकरांत इतका वेग फार थोड्यांना आहे, आणि तो पेरॉक्साइडचे रेणू विकरापर्यंत पोहोचण्याच्या वेगाच्या मर्यादेजवळ जातो.

इथेही दोन पायऱ्या आहेत. पेरॉक्साइडचा पहिला रेणू एका अरुंद मार्गिकेतून आत येतो. लोहाच्या वर बसलेले हिस्टिडीन आणि अॅस्परॅजिन हे अमिनो आम्लांचे अवशेष त्याला नेमक्या स्थितीत धरतात, ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध तुटतो, एक ऑक्सिजन अणू लोहावर राहतो आणि पाण्याचा रेणू बाहेर पडतो. या मधल्या अवस्थेत लोह आणि त्याभोवतीचे पॉर्फिरिन वलय मिळून दोन इलेक्ट्रॉनांची तूट सोसतात. मग येणारा दुसरा रेणू ते दोन इलेक्ट्रॉन परत देतो, स्वतः ऑक्सिजन होऊन निघून जातो, आणि लोह पूर्वीच्या स्थितीत येते. सुटणाऱ्या ऑक्सिजनचे दोन्ही अणू या दुसऱ्या रेणूतलेच असतात.

मोकळ्या लोहाची वाट अशी नाही. फेरस आयन पेरॉक्साइडला एकच इलेक्ट्रॉन देतो आणि त्यातून हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे एक सुटा इलेक्ट्रॉन असलेला अतिक्रियाशील कण, तयार होतो. हेन्री फेंटन यांनी 1894 मध्ये लोह आणि पेरॉक्साइड यांनी टार्टारिक आम्लाचे ऑक्सिडीकरण होते हे नोंदवले, आणि त्यामागे हे मूलक आहेत असा खुलासा हाबर आणि वाइस यांनी 1930 च्या दशकात केला. हायड्रॉक्सिल मूलक जवळ सापडेल त्या सेंद्रिय रेणूवर तुटून पडतो. कॅटलेजमध्ये व्यवहार दोन-दोन इलेक्ट्रॉनांचा, तोही प्रथिनाच्या बंद खोबणीत होतो, त्यामुळे मोकळे मूलक बाहेर पडण्याला फारसा वाव राहत नाही. सुरुवातीचे पदार्थ तेच, शेवटचे पदार्थ तेच, धातूही तोच, आणि तरीही शेजारी असलेल्या वस्तूच्या दृष्टीने या दोन वाटांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. वेगाच्या तुलनेपेक्षा ही तुलना मला अधिक मोलाची वाटते.

कापडावर हे अंतर डोळ्यांनी दिसते. इचलकरंजी, भिवंडी, सोलापूर अशा ठिकाणच्या प्रक्रियागृहांत कापसाचे कापड पेरॉक्साइडने शुभ्र करतात तेव्हा द्रावणाचा सामू (pH) साधारण 10.5 ते 11 ठेवतात आणि तापमान उकळबिंदूच्या जवळ नेतात. एवढ्या तापमानाला पेरॉक्साइडने आपले काम करावे, पण ऑक्सिजन होऊन वाया जाऊ नये, म्हणून सोडियम सिलिकेट, मॅग्नेशियमचे क्षार आणि धातूंचे आयन बांधून ठेवणारी द्रव्ये घालतात. अशा वेळी कापडावर एखादा गंजाचा कण, यंत्रमागावरून आलेली लोखंडाची बारीक कीस किंवा पाण्याच्या नळीतली माती चिकटलेली असली, तर त्या जागी विघटन भडकते आणि सेल्युलोजच्या साखळ्या तुटतात. कापड धुऊन ताणले की टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसतात. माल परत आला की दोष बहुधा विणकरावर ढकलला जातो. त्या भोकांच्या कडेला लोहाची चाचणी केली तर पुष्कळदा खरे कारण निळ्या रंगात समोर येते.

शुभ्र करणे संपले की गरज उलटते. कापडात आणि द्रावणात उरलेले पेरॉक्साइड पुढच्या रंगकामातील रिअॅक्टिव्ह रंगांच्या रेणूंचे ऑक्सिडीकरण करते आणि छटा फिकी किंवा ठिपकेदार येते. पूर्वी यासाठी गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुणे किंवा सोडियम थायोसल्फेटसारखे क्षपणक वापरणे हाच उपाय होता. धुण्यात पाणी आणि वाफ जाते, क्षपणकाची मात्रा चुकली तर तोच पुढे रंगाला बाधतो आणि सांडपाण्यात क्षारांची भर पडते. कॅटलेज आल्यावर पद्धत बदलली: द्रावण 40 ते 50 अंशांवर आणायचे, अॅसेटिक आम्लाने सामू सातच्या आसपास आणायचा, विकर घालून दहा-वीस मिनिटे फिरवायचे, पट्टीने किंवा आयोडाइड-स्टार्चने पेरॉक्साइड संपल्याची खात्री करायची आणि त्याच पाण्यात रंग सोडायचा. कॅटलेज रंगाला हात लावत नाही, सेल्युलोजलाही नाही. मँगनीज डायऑक्साइडनेही पेरॉक्साइड संपले असते, पण कापडात काळी भुकटी घालण्याचा सल्ला कोणी देणार नाही.

हेच कॅटलेज शुभ्र करण्याच्या टप्प्यावर, 95 अंशांना आणि 11 सामूला घातले तर काय होईल? प्रथिनाची घडी उलगडेल आणि विकर क्षणात निकामी होईल. तुमच्या 60 अंशांच्या प्रयोगात हेच घडले. उकडलेल्या बटाट्याचा रस घेऊन पाहा, तोही मृत निघेल. मात्र तापमानाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती अनेकांच्या नजरेतून सुटते. सक्रियण ऊर्जा जितकी कमी, तितका तापमानाचा वेगावरील परिणाम कमी. 25 वरून 35 अंशांवर गेल्यास 75 किलोज्यूलच्या वाटेचा वेग सुमारे 2.7 पट होतो, 57 च्या वाटेचा 2.1 पट आणि 23 च्या वाटेचा जेमतेम 1.35 पट. ‘दर दहा अंशांना वेग दुप्पट’ हा नियम आयोडाइडला चांगला लागू पडतो, कॅटलेजला नाही. म्हणून विकर तापवून फायदा थोडाच होतो, आणि थोडे पुढे गेले की नुकसान मोठे.

बटाट्याचा रस 60 मिलिलिटरवर का थांबला, हा तुमच्या प्रश्नांतला मला सर्वांत आवडलेला भाग. कॅटलेज ज्या पदार्थाचे विघटन करते, तोच पदार्थ जास्त संहतीत त्याला मारतो. पेशीत पेरॉक्साइड अत्यल्प असते, मायक्रोमोलच्या किंवा त्याहूनही खालच्या पातळीवर. त्या पातळीसाठी घडलेल्या विकरापुढे आपण 0.88 मोलर द्रावण ठेवतो, म्हणजे निदान काही लाख पट जास्त. सुरुवातीला वेग प्रचंड दिसतो, कारण पेरॉक्साइड मुबलक आहे. पण दर इतक्या फेऱ्यांमागे काही रेणू मधल्या अवस्थेतून भलत्याच, निष्क्रिय रूपांत जातात, हेमचे आणि प्रथिनाचे ऑक्सिडीकरण होते, आणि जिवंत विकराची संख्या घटत जाते. त्यात भर तापमानाची: 3 टक्के द्रावण पूर्ण विघटित झाले आणि उष्णता बाहेर जाऊ दिली नाही तर ते सुमारे 20 अंशांनी तापते. अभिक्रिया जितकी जोरात, तितकी उष्णता निसटायला सवड कमी. ही वाढ आयोडाइडला पुढे ढकलते आणि आधीच जखमी झालेल्या विकराला मागे खेचते.

याचा निर्णय दोन छोट्या चाचण्यांनी होतो. थांबलेल्या पात्राचे दोन भाग करा. एकात ताजा रस घाला, दुसऱ्यात ताजे पेरॉक्साइड. ताज्या रसाने बुडबुडे पुन्हा सुरू झाले आणि ताज्या पेरॉक्साइडने झाले नाहीत, तर पेरॉक्साइड शिल्लक होते आणि विकर संपले होते. उलट झाले तर विकर जिवंत होते आणि पेरॉक्साइड संपले होते. अधिक काटेकोर हवे असेल तर पात्रातील द्रावण गाळून त्याचा मोजका भाग सल्फ्युरिक आम्लात घ्या आणि पोटॅशियम परमँगनेटने अनुमापन (टायट्रेशन) करा. परमँगनेटचे दोन मोल पेरॉक्साइडच्या पाच मोलांशी जुळतात. रसातले सेंद्रिय पदार्थही थोडे परमँगनेट खातात, म्हणून पेरॉक्साइड न घातलेल्या रसाचे कोरे अनुमापन करून तो आकडा वजा करावा लागेल.

त्याच रसाचा प्रयोग 0.3 टक्के द्रावणावर करून पाहा. वायू कमी निघेल, पण बहुधा अपेक्षित आकड्याच्या जवळपास निघेल, आणि कॅटलेजही उत्पादिताचे प्रमाण बदलत नाही हे विद्यार्थ्यांना त्यांच्याच आकड्यांतून दिसेल. वेगाची तुलना करताना एकूण वायू न घेता सुरुवातीचा वेग घ्या, म्हणजे पहिले ठरावीक मिलिलिटर गोळा व्हायला लागलेला वेळ. पात्र पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवा, म्हणजे तापमान फार हलणार नाही. बूच बंद केल्यानंतर आत घातलेला रस स्वतःच्या आकारमानाएवढी हवा बाहेर ढकलतो, ती वजा करायला विसरू नका. मिलिलिटरांच्या हिशोबात ती चूक लहान नसते. आम्लतेचा परिणाम पाहायचा असेल तर लिंबाऐवजी ठरावीक सामूची बफर द्रावणे वापरा, कारण लिंबाच्या रसात आम्लाशिवाय अॅस्कॉर्बिक आम्लासारखी क्षपणकेही असतात. कॅटलेज सामू साधारण सात असताना सर्वांत चांगले चालते, पण त्याच्या कामाचा पट्टा बराच रुंद आहे, त्यामुळे आलेखाला टोकदार शिखराऐवजी पठार मिळाले तर प्रयोग फसला असे समजू नये.

बटाट्यात कॅटलेजच्या जोडीला पेरॉक्सिडेज विकरेही असतात. तीही हेमयुक्त असतात आणि पेरॉक्साइड खातात, पण ऑक्सिजन सोडत नाहीत. त्यांच्या मधल्या अवस्थेला लागणारे इलेक्ट्रॉन ती दुसऱ्या पेरॉक्साइडकडून न घेता फिनॉलसारख्या पदार्थांकडून घेतात. इतक्या मोठ्या संहतीत त्यांचा वाटा किरकोळ असतो, तरी बुडबुडे नाहीत म्हणजे पेरॉक्साइड खर्च होत नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. जपानमधील कानाघशाचे शल्यचिकित्सक शिगेओ ताकाहारा यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत एका मुलीच्या तोंडातील जखमेवर पेरॉक्साइड ओतले तेव्हा नेहमीचा फेस आला नाही आणि रक्त काळपट झाले. तिच्या रक्तात कॅटलेजच नव्हते. ती जगत होती, कारण शरीरात पेरॉक्साइड आवरणारी दुसरी विकरेही असतात, त्यांपैकी ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे सेलेनियमवर चालते.

तेव्हा ‘विकर श्रेष्ठ’ असे सरसकट सांगू नये. अनुकूल तापमानाला, उदासीन माध्यमात आणि विरळ द्रावणात कॅटलेजच्या जवळपासही मँगनीज डायऑक्साइड येत नाही, आणि शेजारच्या पदार्थांना न दुखावण्याच्या बाबतीतही तेच पुढे आहे. द्रावण तीव्र असेल, गरम असेल किंवा तोच उत्प्रेरक पुन्हा पुन्हा वापरायचा असेल, तर भुकटीच टिकते. आयोडाइडचे मोल वेगळे आहे: त्याची वाट कागदावर समीकरणांत मांडता येते आणि प्रयोगात तशीच सापडते. कोणत्या कामासाठी, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी आधी विचारावा आणि मग क्रम लावावा.

एक सूचना सुरक्षिततेची. हे सर्व प्रयोग 3 टक्के किंवा त्याहून विरळ द्रावणावरच करा. प्रयोगशाळेच्या कपाटातील 30 टक्के पेरॉक्साइडमध्ये मँगनीज डायऑक्साइड टाकल्यास सुटणारी उष्णता द्रावण उकळून उसळवायला पुरेशी असते आणि त्वचेवर उडालेले थेंब भाजतात. वापरून उरलेले द्रावण कधीही मूळ बाटलीत परत ओतू नका, कारण त्याबरोबर भुकटीचा एखादा कण गेला तरी बाटलीत वायू साठू लागतो. पेरॉक्साइडची बाटली घट्ट बुचाने बंद न करता वायू निघायला वाट असलेल्या झाकणाने बंद करावी आणि काचेच्या बरणीपेक्षा पॉलिथिनच्या बाटलीत, सावलीत ठेवावी.